तिन्हीसांजेची दुर्बीण

भारतात शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे आणि ती बंद आहे हे उत्तमच आहे. तरीही रायफलवर बसवायच्या स्कोपांबद्दल मिळेल ते वाचत मी रात्रीच्या रात्री घालवल्या. मला हवी होती पक्षी बघायची दुर्बीण, पण कमी उजेडातल्या भिंगांबद्दल सगळ्यात खोलात जाऊन बोलतात ते युरोपातले शिकारी. जर्मनीत रानडुकराची शिकार चांदण्यात करतात. कृत्रिम उजेड वापरायला तिथे पिढ्यान् पिढ्या मनाई होती. मचाणावर बसायचं, समोरची डुकरीण आहे की नर, तिच्यामागे पिल्लं आहेत का, हे नुसत्या चंद्राच्या उजेडात ओळखायचं आणि मगच चाप ओढायचा की नाही ते ठरवायचं. शिकारीचा परवाना मिळवायला तिथे एवढी अवघड परीक्षा असते की लोक तिला 'हिरवी मॅट्रिक' म्हणतात. अशा माणसांनी भिंगांची चिकित्सा केली नसती तरच नवल.

माझं जंगल म्हणजे फोंड्याहून तासाभराच्या वाटेवर असलेलं एका स्नेह्याचं कुळागर. पोफळी, मधे मधे माड, पोफळींवर चढलेल्या मिरवेली, जायफळाची चार झाडं, केळी आणि पाटाचं पाणी. मागच्या बाजूला सह्याद्रीचा उतार सुरू होतो. मोले, बोंडला, खोतीगाव इथल्या अभयारण्यांत सूर्यास्तानंतर आपल्याला कोण थांबू देणार? आणि देऊ नयेच. पण कुळागराच्या कडेला बसायला कोणाची हरकत नाही. रातवे बोलायला लागतात ते तिन्हीसांजेला. सिलोन फ्रॉगमाउथ दिवसभर जोडीने वाळक्या पानासारखा बसलेला असतो आणि हलायला लागतो तोही याच वेळेला. पिंगळा, मत्स्यघुबड, पाटावर येणारं उदमांजर, नशीब असलं तर पिसोरा, सगळ्यांची वेळ हीच. आणि माझ्या हातात होती एका शेजाऱ्याने दिलेली जुनी ७×५०, म्हणजे सातपट मोठं दाखवणारी आणि पुढचं भिंग पन्नास मिलिमीटरचं असलेली दुर्बीण.

शेजारी तारवटी होते, आयुष्य बोटीवर काढलेलं. बोटीवर ७×५० च का, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. डेक हलतं, रात्र असते आणि डोळा भिंगाच्या बरोबर मध्यावर ठेवायला जमत नाही. अशा वेळी मागच्या भिंगातून बाहेर पडणारा उजेडाचा ठिपका मोठा असला की डोळा थोडा इकडेतिकडे सरकला तरी चित्र जात नाही. या ठिपक्याचा व्यास काढायला शाळेतला भागाकार पुरतो. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले मोठं करण्याचा आकडा. ५० भागिले ७, म्हणजे सात मिलिमीटरच्या किंचित वर. ८×४२ मध्ये सव्वापाच, १०×४२ मध्ये ४.२ आणि शिकाऱ्यांच्या लाडक्या ८×५६ मध्ये बरोबर सात.

ती जुनी दुर्बीण पावसाळ्याने खाल्ली. भिंगांच्या आतल्या बाजूला बुरशीचे बारीक धागे पसरले. दिवसा ते जाणवत नसत. पण संध्याकाळी पश्चिमेकडे धरली की सगळं चित्र दुधाळ होऊन जायचं. पणजीत एका दुरुस्तीवाल्याला दाखवली. त्याने उघडून पाहिली आणि म्हणाला, कोटिंगच गेलंय, पुसून काय होणार?

तेव्हा ठरलं की एकदाच आणि चांगली घ्यायची. चांगली म्हणजे किती चांगली, हे ठरवण्यात मात्र एक पावसाळा आणि एक हिवाळा गेला.

कॅटलॉग वाचायला घेतले की पहिल्यांदा भुलवतो तो 'ट्वायलाइट फॅक्टर' नावाचा आकडा. मोठं करण्याचा आकडा आणि भिंगाचा व्यास यांचा गुणाकार करून त्याचं वर्गमूळ काढायचं. ८×४२ चा येतो १८.३, १०×४२ चा २०.५, ८×५६ चा २१.२. या हिशेबाने १०×४२ ही ८×४२ पेक्षा संध्याकाळी सरस ठरायला हवी. लांबवरच्या उघड्या माळावर ती तशी ठरतही असेल, कारण अंधारात लहान वस्तू मोठी दिसली तर ओळखायला मदत होतेच. पण त्या सूत्रात काचेचा दर्जा कुठेच नाही. बाजारातली चार हजारांची ८×५६ आणि दोन लाखांची ८×५६, दोघींचा आकडा एकच. हे ध्यानात आलं आणि तो रकाना मी वाचणं सोडून दिलं.

दुसरा आकडा उजेड पार होण्याच्या टक्क्यांचा. याच्यामागे मात्र खरा इतिहास आहे. कोटिंग नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण चार टक्के उजेड परत फिरतो. दुर्बिणीत असे दहा पृष्ठभाग धरले तरी एक तृतीयांश उजेड वाटेतच संपला. १९३५ मध्ये झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर अतिशय पातळ थर चढवून हे परावर्तन कमी करण्याची युक्ती काढली. आज दिसणारी जांभळी-हिरवी झाक तिथून आली. आता वरच्या श्रेणीतल्या दुर्बिणी नव्वद टक्क्यांच्या पुढे आहेत. झाइस व्हिक्टरी एसएफ ८×४२ ला ९२ टक्के सांगतात, स्वारोव्स्की एसएलसी ८×५६ ला ९३, झाइस व्हिक्टरी एचटी ८×५४ ला ९५. एसएलसी आणि एचटी यांच्यात आबे-केनिग नावाचा लांबट प्रिझम असतो. त्यात सगळा उजेड आतल्या आत पूर्ण परावर्तित होतो, कुठेही आरशाचा मुलामा लागत नाही, म्हणून टक्का वाढतो आणि दुर्बीणही लांब होते. ९२ आणि ९५ मधला फरक डोळ्याला कळतो का? मला कळला नाही. कोणाला कळत असेल तर त्याला नमस्कार.

या टक्क्यांत आणखी एक गोम आहे. कॅटलॉगमधला टक्का सहसा दिवसाच्या डोळ्याला धरून असतो. भर उजेडात आपला डोळा सगळ्यात तल्लख असतो तो पिवळट हिरव्या रंगाला, ५५५ नॅनोमीटरच्या आसपास. अंधार पडत गेला की ही जागा निळसर हिरव्याकडे, ५०७ च्या आसपास सरकते. म्हणजे संध्याकाळच्या दुर्बिणीने निळा-हिरवा उजेड चांगला सोडायला हवा. तिचा दुपारचा टक्का बघून काय करायचं?

हे सगळं कागदावरचं. हातात घेऊन बघितल्याशिवाय दोन लाख कोण घालणार? मला गोव्यात कुठल्या दुकानात ही मॉडेलं हाताळायला मिळाली नाहीत. मग जे जमलं ते केलं. हिवाळ्यात पक्षी बघायला इथे बरीच माणसं येतात. पुण्याचा एक मित्र १०×४२ घेऊन आला. मडगावच्या एका ताईंकडे एसएफ ८×४२ होती, त्यांनी मोठ्या मनाने दोन दिवस दिली. नाताळात जर्मनीहून चुलतभाऊ आला. त्याचे शेजारी परवानाधारक शिकारी. त्यांनी नवी दुर्बीण घेतली होती म्हणून जुनी झाइस डायलिट ८×५६ त्याच्याबरोबर पाठवली. "तुझ्या भावाला म्हणावं, परत आण म्हणजे झालं," एवढीच अट. किलोभर वजन, लांबलचक, रबर गुळगुळीत झालेलं. आणखी एक स्वस्तातली ८×५६ कोणाकडून तरी मिळाली. तिचं नाव सांगण्यात अर्थ नाही.

कुळागरात तीस पावलांवर एका पोफळीला मी जुन्या कॅलेंडरचं पान बांधलं. मोठे आकडे तारखांचे, खाली बारीक अक्षरांत तिथी-नक्षत्र, रविवार आणि सुट्ट्या लाल. यापेक्षा चांगला तक्ता कुठल्या प्रयोगशाळेत मिळेल असं मला वाटत नाही. सूर्य डोंगरामागे गेल्यावर सगळेजण पाळीपाळीने दुर्बिणी डोळ्याला लावत बसलो. बरोबर माझी अकरावीतली मुलगी होती. मोबाइल बंद ठेवायचा असं बजावलं होतं, कारण एकदा स्क्रीनकडे बघितलं की अंधाराला सरावलेला डोळा परत सरावायला वीस-तीस मिनिटं घेतो.

पहिली गंमत लाल आकड्यांची. उजेड कमी होत गेला तसे लाल रविवार काळवंडत गेले. एका क्षणी रविवार कोणता आणि सोमवार कोणता हे फक्त रकान्यावरून सांगता येत होतं. मघाशी म्हटलं ते डोळ्याचं निळ्याकडे सरकणं पोफळीवर टांगलेलं दिसलं.

मग स्वस्त ८×५६ आटोपली. तिच्यात उजेड भरपूर होता, खोटं कशाला बोला. पण पोफळींच्या शेंड्यांमधून आभाळाचा उजळ तुकडा दिसत होता आणि त्याचा उजेड आत कुठेतरी आपटून सगळ्या चित्रावर पांढुरका पडदा टाकत होता. अक्षरं काळी न दिसता राखाडी दिसत होती. मडगावच्या ताईंची ८×४२ तिच्या शेजारी धरली तर चित्र किंचित गडद, पण काळं ते काळं. अंधारात वस्तू ओळखू येते ती उजेडामुळे जेवढी, तेवढीच या काळ्या-पांढऱ्याच्या भेदामुळे. पानांच्या गर्दीत पानासारखाच दिसणारा पक्षी शोधायचा तर या भेदाशिवाय हातात काहीच राहत नाही.

१०×४२ सगळ्यांच्या आधी थकली. तिथी वाचता येईना, वर माझा हात थरथरत होता तो दहापट थरथरत होता. पुण्याचा मित्र थोडा नाराज झाला. दिवसा मयेच्या तळ्यावर बदकं बघायला तीच दुर्बीण सगळ्यांत उत्तम, हे मी त्याला मनापासून सांगितलं.

उरल्या दोन. ताईंची ८×४२ आणि शिकाऱ्याची ८×५६. सगळं खरं घडलं ते इथे. मी दोन्ही आलटून पालटून लावत होतो आणि मला काडीचा फरक दिसत नव्हता. नक्षत्राची अक्षरं दोन्हींत एकाच सुमाराला गेली. मुलीला दिली. ती म्हणाली, "बाबा, मोठीत अजून दिसतंय ना! दशमी. खाली काहीतरी भाद्रपदा." मी पुन्हा लावली. मला नुसता करडा पट्टा. कुळागराचे मालक पाटाच्या कडेला उभे होते, ते म्हणाले, "भाई, आतां घरा चल. सोरोप आसतात हांगा." इथे साप असतात म्हटल्यावर उठलो, पण डोकं तिथेच अडकलं.

उत्तर शिकाऱ्यांच्याच लिखाणात सापडलं. दुर्बिणीतून सात मिलिमीटरचा ठिपका बाहेर पडला तरी तो आत घ्यायला डोळ्याची बाहुली सात मिलिमीटर उघडायला हवी. तरुणपणी ती अंधारात तेवढी उघडते. वय वाढतं तशी आखडत जाते. पन्नाशीत बहुतेकांची पाचच्या आसपास थांबते, पण माणसागणिक फरक खूप. मग माझी किती?

आकाश बघणाऱ्या हौशी लोकांची एक जुनी युक्ती आहे आणि तिला लागतो फक्त ॲलन कीचा, म्हणजे वेगवेगळ्या जाडीच्या षटकोनी किल्ल्यांचा, संच. गल्लीतल्या स्कूटर गॅरेजमधून मागून आणला. दिवे बंद करून गच्चीवर अर्धा तास बसायचं. मग एखादा ठळक तारा निवडायचा. आम्ही ब्रह्महृदय घेतला. एक डोळा मिटून दुसऱ्या डोळ्याच्या अगदी पुढ्यात, पापणीला लागेल न लागेल अशी किल्ली उभी धरायची आणि ताऱ्यावरून हळूच सरकवायची. किल्ली बाहुलीपेक्षा अरुंद असेल तर ताऱ्याचा उजेड तिच्या दोन्ही बाजूंनी आत येतो आणि तारा पूर्ण झाकला जात नाही. किल्ली रुंद असेल तर तारा गडप. चार मिलिमीटरच्या किल्लीने माझा तारा दोन्हीकडून डोकावत राहिला. पाचच्या किल्लीला लुकलुकला आणि गेला. मुलीने सहाची धरली तरी तिला तारा दिसतच होता. सौभाग्यवती खालून विचारत होत्या, गच्चीवर अंधारात पाना घेऊन काय चाललंय?

आता हिशेब मांडा. माझी बाहुली पाच मिलिमीटर आणि दुर्बीण आठपट. पाच गुणिले आठ, चाळीस. म्हणजे ८×५६ च्या छप्पन्न मिलिमीटर भिंगातलं माझ्या कामाला येणार ते मधलं चाळीस मिलिमीटर. उजेडाच्या भाषेत सांगायचं तर निम्मा उजेड बाहुलीच्या बाहेर, बुबुळावर पडून वाया. आणि ४२ मिलिमीटरची दुर्बीण मला जवळजवळ बेताची. कुळागरात मुलीला तिथी दिसली आणि मला नाही, त्याचं कारण काचेत नव्हतं.

मोठ्या ठिपक्याला काहीच अर्थ नाही असं मात्र नाही. तारवटी शेजाऱ्यांचा मुद्दा इथेही लागू पडतो. अंधारात घाईने दुर्बीण उचलली तर ८×५६ मध्ये चित्र लगेच सापडतं, ८×४२ मध्ये क्वचित कडेला काळी सावली येते. चुलतभावाचं मत पडलं की या सुखासाठी वजन सोसावं. तो पस्तिशीचा आहे, त्याच्या गळ्याचं तो बघेल.

दुसरी गोष्ट त्यानेच बोलता बोलता सांगितली. तो राहतो तिथे जूनमध्ये सूर्य बुडाल्यावर नागरी संधिप्रकाश, म्हणजे दिव्यावाचून काम चालेल एवढा उजेड, चाळीसेक मिनिटं रेंगाळतो. गोवा १५ अंश अक्षांशावर. आपल्याकडे सूर्य जवळपास सरळ खाली उतरतो आणि हाच काळ बावीस-तेवीस मिनिटांत संपतो. उजेड इतक्या झपाट्याने घसरतो की चांगल्या भिंगाने तिकडे जी पंधरा मिनिटं जास्त मिळत असतील, ती इथे सात-आठच होणार. वर पोफळीचं छत. तिकडच्या शिकाऱ्याने लिहिलेलं "या स्कोपने माझा वेळ एवढा वाढला" हे वाक्य गोव्यात आणताना त्यातून बरंच वजा करावं लागतं. जास्तीचे दोन-चारशे ग्रॅम गळ्यात घेऊन मी मिळवणार काय होतो?

रायफल स्कोपांच्या वाचनाचा एवढा उपयोग झाला, पण स्कोप आणि दुर्बीण यांत एक मोठा फरक राहतोच. स्कोप एका डोळ्याने बघायचा. बंदुकीचा धक्का बसला तर भुवई फुटू नये म्हणून डोळा नऊ-दहा सेंटीमीटर मागे ठेवावा लागतो. दुर्बिणीत दोन्ही डोळे लागतात आणि दोन डोळ्यांना अंधारात एकापेक्षा निश्चित जास्त दिसतं. मी चष्मा लावतो, त्यामुळे मला बघायचं होतं ते एवढंच की चष्म्यासकट पूर्ण चित्र दिसतं का. त्यासाठी मागच्या भिंगापासून डोळा जिथे ठेवायचा ते अंतर सोळा मिलिमीटरच्या वर हवं. एसएफला अठरा आहे, पुरतं.

थर्मल घ्या, असाही सल्ला बऱ्याच जणांनी दिला. अंधारात जनावराची ऊब दिसते हे खरं. पण रातव्याच्या पंखावरची नक्षी ऊब दाखवत नाही आणि मला त्या नक्षीसाठीच जायचं असतं. टॉर्च मारून किंवा मोबाइलवर आवाज वाजवून फ्रॉगमाउथला खाली बोलावणारे फोटोवाले मी पाहिलेत. विणीच्या दिवसांत त्या जोडीचं काय होत असेल याची त्यांना फिकीर नसते. असो.

शेवटी घेतली झाइस एसएफ ८×४२. वजन आठशे ग्रॅमच्या आत, हजार मीटरवर १४८ मीटर रुंदीचं चित्र. ही रुंदी जंगलात फार कामाची, कारण आवाज आला त्या दिशेला दुर्बीण वळवली की फांदी शोधत बसावं लागत नाही. किंमत दोन लाखांच्या पुढे. सौभाग्यवतींचं म्हणणं, एवढ्यात नव्या न्हाणीघराच्या फरशा झाल्या असत्या. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजून नाही.

दुर्बिणीच्या पाठोपाठ घेतलं ते विजेवर चालणारं कोरडं कपाट. जूनपासून इथे हवेतली आर्द्रता ऐंशी-नव्वदीच्या घरात असते आणि बुरशीला तेवढं पुष्कळ. वरच्या श्रेणीच्या दुर्बिणी नायट्रोजन भरून बंद केलेल्या असतात. त्यामुळे आतल्या बाजूला सहसा धुकं धरत नाही. पण बाहेरच्या भिंगांवर बोटांचा तेलकटपणा राहिला की बुरशी तिथूनही सुरू होऊ शकते. कपाटाचा काटा मी चाळीस ते पन्नासच्या मध्ये ठेवतो. फार कोरडं केलं तर वंगण आणि रबर कुरकुरतात. कुळागरातून आल्यावर ओल्या पट्ट्यासकट दुर्बीण आत ठेवायची नाही, आधी पंख्याखाली. कपाट घ्यायचं नसेल तर घट्ट झाकणाचा डबा आणि रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या. रंग बदलला की पुड्या तापवून परत वापरायच्या.

आता ओळखीचे लोक विचारतात, आमच्याकडे पंधरा हजार आहेत, काय घेऊ? मी सांगतो, आधी ॲलन की आणा. बाहुली पाचच्या आत थांबत असेल तर ५० आणि ५६ च्या भिंगांवर पैसे घालू नका, ८×४२ बघा. प्रिझमवर फेज कोटिंग, म्हणजे चित्र रेखीव ठेवणारा थर, आणि सगळ्या भिंगांवर अनेक थरांचं कोटिंग आहे असं स्पष्ट लिहिलंय ना, ते वाचा. नुसतं 'कोटेड' लिहिलं असेल तर सोडून द्या. दुकानात ट्यूबलाइटखाली बघून पैसे देऊ नका. दुकानदाराला विनंती करून संध्याकाळी दाराबाहेर या आणि समोरच्या गल्लीत, उजळ आभाळाच्या खालच्या अंगाला असलेली एखादी काळोखी पाटी वाचून बघा. पाटी राखाडी दिसली तर परत करा, मग तिच्यावर ट्वायलाइट फॅक्टर काहीही छापलेला असो.